पडत्या वाऱ्याची शिडे



आज मी तुम्हांला समुद्रावरची एक गोष्ट सांगणार आहे. पण तिची सुरुवात आपल्या खळ्यापासून करू या.

आता मळणीची यंत्रे आली आहेत. तरी तुमच्यापैकी पुष्कळांनी हाताने उफणणी केली असेल. निदान आई-वडिलांना करताना पाहिले असेल. मळणी झालेली असते. दाणे आणि भूस एकत्र पडलेले असतात. एक जण तिवईवर चढतो. खालचा माणूस पाटी भरून वर देतो. वरचा माणूस ती हळूहळू हलवत रिकामी करतो. वारा असला की दाणा सरळ खाली पडतो आणि भूस पलीकडे उडून जाते. काम झरझर होते.

आणि मध्येच वारा पडला म्हणजे? सगळे काम थांबते. तिवईवरचा माणूस पाटी धरून तसाच उभा राहतो. जवळच्या झाडाच्या शेंड्याकडे बघतो. शेंड्याचे पान हलले की म्हणतो, "आला रे आला!" आणि तेवढ्या झुळकेत दोन पाट्या काढून घेतो.

या माणसाला तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. पहिली, वारा आपल्या हुकमाचा नाही. दुसरी, खाली वारा नसला तरी वर थोडा असतो. तिसरी, झुळूक येते तेव्हा पाटी भरलेली पाहिजे. झुळूक आल्यावर पाटी भरायला घेतली, तर ती आपल्यासाठी थांबत नाही.

या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. समुद्रावरही त्याच लागतात.

आगबोटी निघाल्या त्याच्या आधी सारा समुद्रप्रवास वाऱ्यावर चाले. माल न्यायचा असो, माणसे न्यायची असोत, की लढाई करायची असो, जहाजाला ओढणारा बैल एकच, तो म्हणजे वारा. हा बैल कधी उधळतो, कधी बसकण मारतो. उधळला तर जहाज बुडण्याची भीती. बसला तर दुसरीच भीती. भर समुद्रात जहाज उभे राहते. चारी बाजूंना पाणी, पण प्यायला एक थेंब चालत नाही. पिंपात भरून आणलेले गोडे पाणी रोज कमी होत जाते. धान्याला कीड लागते. माणसे आजारी पडतात.

तुम्ही म्हणाल, मग हे लोक करत काय होते? नुसते आभाळाकडे बघत बसत होते का?

नाही. त्यांनी त्यावर उपाय काढले होते. ते काय होते ते आता बघू.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर शिडाची गलबते चालत. त्यांचे शीड तिरक्या वाशाला बांधलेले असते. युरोपातल्या लोकांनी लांबच्या सफरीसाठी जी मोठी जहाजे बांधली, त्यांची तऱ्हा निराळी होती. त्या जहाजांवर तीन उंच डोलकाठ्या असत. प्रत्येक डोलकाठीवर आडवे वासे बांधलेले. एकावर एक असे तीन, चार, कधी पाचसुद्धा. प्रत्येक वाशाला एक चौकोनी शीड टांगलेले. लांबून पाहिले तर जणू समुद्रावर कापडाचे तीन मनोरे चालले आहेत असे वाटे.

खालची शिडे सगळ्यांत मोठी आणि जाड. वर जावे तशी शिडे लहान आणि पातळ. असे का? वाऱ्याचा जोर मोठा असला की पातळ कापड टरकन फाटते. म्हणून रोजच्या कामाला जाड कापड. पण हेच जाड कापड मंद वाऱ्यात निकामी होते. ओली घोंगडी दोरीवर टाका आणि शेजारी मलमलचा पंचा टाका. झुळूक आली तर आधी काय हलेल? पंचा हलेल. घोंगडी आपल्याच वजनाने लोंबत राहील. शिडाचेही तसेच. वारा अगदी थोडा असला, तर त्याला अंग फुगवून दाखवणारे कापड हलकेच पाहिजे.

म्हणून शिडाच्या कापडाला नंबर दिलेले असत. एक नंबरचे कापड सगळ्यांत जाड. पुढे आकडा वाढत जाई तसे कापड पातळ होत जाई. मंद वाऱ्याची शिडे अशा पातळ कापडाची शिवत.

आता ही पातळ शिडे लावायची कोठे? तीन जागा होत्या.

पहिली जागा उंचावर, अगदी डोलकाठीच्या शेंड्याजवळ. पाण्याला घासून खालचा वारा मंद होतो. वरचा वारा मोकळा असतो. आपला तिवईवरचा माणूस जे जाणतो, तेच हे. म्हणून नेहमीच्या शिडांच्या वर आणखी लहान शिडे चढवत. सगळ्यांत वरच्या एका शिडाला इंग्रज खलाशी 'आभाळाचे शीड' म्हणत. काही जहाजांवर त्याच्याही वर एक चिमुकले शीड असे. त्याला 'चंद्राचे शीड' म्हणत. नावावरूनच ध्यानात येईल, ते किती उंच असेल!

दुसरी जागा दोन डोलकाठ्यांच्या मधली. डोलकाठ्या ताणून धरायला जाड दोर बांधलेले असतात. त्या दोरांवर तिकोनी शिडे सरकवून लावत. मनोऱ्यांच्या फटीतून निसटून जाणारा वारा ती पकडत.

तिसरी जागा सगळ्यांत गमतीची. आडवा वासा जहाजाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. त्या वाशावर लोखंडी कडी बसवलेली असे. तिच्यातून एक सडसडीत काठी आणखी बाहेर सरकवायची आणि त्या काठीला वेगळे शीड बांधायचे. म्हणजे मनोऱ्याला दोन्ही बाजूंनी पंख फुटले! इंग्रज खलाशी या शिडांना 'स्टनसल' म्हणत. आपण त्यांना जोडशिडे म्हणू. वारा मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून येत असला तरच ही जोडशिडे कामाची. समोरून वारा आला तर ती उलट अडचणच करत.

एवढे वाचून कोणाला वाटेल, मग काय सोपे आहे! पातळ कापड शिवायचे, लावायचे आणि मजेत बसायचे.

तसे नव्हते. मंद वाऱ्यात खलाशाला सगळ्यांत जास्त काम पडे. झुळूक दिशा बदले. उजवीकडची जोडशिडे उतरवा, डावीकडची चढवा. वासे फिरवा. शेंड्यावर चढा. दोर सोडा, दोर ओढा. तासाभराने पुन्हा सगळे उलटे. पायांखाली एक दोर, हाताशी एक वासा, आणि खाली शंभर-दीडशे फुटांवर लाकडी तक्ता. अशा ठिकाणी रात्रीच्या अंधारात काम करायचे.

आणि खरा धोका पुढेच होता. मंद वाऱ्याची शिडे वर असताना एकाएकी वादळी सपाटा आला तर? जोडशिडांच्या सडसडीत काठ्या कडाकडा मोडत. पातळ शिडांच्या चिंध्या होत. डोलकाठीचा शेंडाच खाली कोसळे. म्हणून ही शिडे चढवणे निम्मेच काम. वेळेवर उतरवणे हे दुसरे निम्मे. पहिले काम धिटाईचे. दुसरे नजरेचे.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा राहिलो आहे, ती सांगतो. ही गोष्ट खरी आहे. ती घडली अमेरिकेत, १८१२ साली.

अमेरिका हा देश तेव्हा लहान होता आणि नवा होता. इंग्रजांचे राज्य झुगारून त्याला तीस-पस्तीस वर्षे झाली होती. इंग्रजांचे आरमार जगात सगळ्यांत मोठे. ते अमेरिकेची व्यापारी जहाजे समुद्रात अडवी आणि त्यांवरचे खलाशी जबरदस्तीने उचलून नेई. अशा कारणांनी तंटा वाढत गेला. १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने इंग्रजांशी युद्ध पुकारले.

पण युद्ध करायचे कशाच्या जोरावर? चव्वेचाळीस तोफांची मोठी जहाजे अमेरिकेकडे होती अवघी तीन. त्यांतल्या एकाचे नाव 'कॉन्स्टिट्यूशन'. या शब्दाचा अर्थ राज्यघटना. आपल्या देशाच्या राज्यघटनेवरून त्यांनी जहाजाला नाव दिले होते. हे जहाज १७९७ साली बॉस्टन शहरी पाण्यात उतरले. त्याची मधली डोलकाठी दोनशे वीस फूट उंच. एकावर एक तीन माड उभे करावेत, एवढी! आणि शिडांचे कापड किती? बेचाळीस हजार सातशे दहा चौरस फूट. आपल्या भाषेत सांगायचे तर एकोणचाळीस गुंठे. एकरभर रानावर कापड अंथरले, तर जेमतेम एक गुंठा उघडा राहील!

जहाजाचा कप्तान होता आयझॅक हल. जहाजावर साडेचारशेच्या वर माणसे होती. हल न्यूयॉर्ककडे निघाला होता. तेथे त्याला दुसऱ्या अमेरिकन जहाजांना मिळायचे होते.

१७ जुलैच्या दुपारी न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर त्याला चार जहाजे दिसली. मग आणखी एक दिसले. आपलीच असतील असे प्रथम वाटले. संध्याकाळी वारा फिरला आणि दक्षिणेकडून मंद वाहू लागला. हलने पातळ जोडशिडे आणि तिकोनी शिडे चढवली. रात्री त्याने दिव्यांच्या खुणा केल्या. आपली जहाजे असती, तर ठरलेले उत्तर आले असते. उत्तर आले नाही. हल उमजला.

उजाडले तेव्हा सगळा प्रकार डोळ्यांपुढे होता. इंग्रजांचा एक मोठा तांडा पाठीवर आला होता. पाच लढाऊ जहाजे! 'शॅनन', 'बेल्व्हिडेरा', 'गेरियर', 'इओलस' आणि चौसष्ट तोफांचे 'आफ्रिका'. त्यांचा नायक फिलिप ब्रोक. एकास पाच. लढाई झाली असती, तर निकाल काय लागला असता ते कोणीही सांगेल. जहाज गेले असते. माणसे मेली असती किंवा कैदेत पडली असती.

पळायचे तर वारा हवा. आणि नेमका त्याच वेळी, पहाटे साडेपाचच्या सुमारास, वारा साफ पडला.

एकोणचाळीस गुंठे कापड वर लोंबत राहिले. पान हलेना. समुद्र तेलासारखा शांत. पाठलाग करणारे थांबले, पळणाराही थांबला.

आता काय करायचे?

हलने होड्या पाण्यात सोडल्या. होड्यांना दोर बांधले, दोरांना जहाज. खलाशी वल्ही मारू लागले. होड्या पुढे, जहाज मागे. पण इंग्रजांनीही तेच केले. त्यांच्याकडे पाच जहाजांच्या होड्या होत्या. त्यांतल्या पुष्कळशा त्यांनी पुढच्या 'शॅनन'ला जुंपल्या. 'शॅनन' जवळ येऊ लागले.

हलचा एक दुय्यम अधिकारी होता, चार्ल्स मॉरिस. त्याने एक युक्ती सुचवली. तेथे समुद्र फार खोल नव्हता. दीडशे फुटांच्या आसपास पाणी होते. जहाजावरचे होते नव्हते तेवढे दोर जोडून एक खूप लांब दोर केला. त्याच्या टोकाला एक लहान नांगर बांधला. होडीने तो नांगर पुढे नेऊन टाकला. नांगर तळाला रुतला. मग जहाजावरची माणसे दोर धरून ओढू लागली.

आपण विहिरीतून घागर ओढतो, तेव्हा घागर वर येते. येथे नांगर जागचा हलत नाही. मग हलते काय? ओढणारेच हलतात, आपल्या जहाजासकट! जहाज नांगरापाशी पोचेपर्यंत दुसरी होडी दुसरा नांगर घेऊन पुढे गेलेली असे. एक नांगर संपला की दुसरा. असे पाऊल-पाऊल जहाज पुढे सरकू लागले. इंग्रजांना आधी कळेना, वारा नसताना हे चालते कसे! कळले तेव्हा त्यांनीही तोच उपाय केला. पण मधले अंतर थोडे वाढले होते.

नऊच्या सुमारास दक्षिणेकडून हलकी झुळूक येताना दिसली. पाण्यावर झुळूक लांबून दिसते. तेवढ्या भागात पाणी काळसर होते आणि बारीक शहारे उठतात. हलने झुळूक पोचण्याआधीच सगळी शिडे तिच्या बेताने फिरवून ठेवली. झुळूक आली आणि जहाज निघाले. होड्या पुढे होत्या, त्या बाजूला आल्या. जहाज न थांबवता माणसे वर चढली आणि होड्या दोरांनी उचलून घेतल्या. पाटी आधीच भरलेली होती, समजलात ना?

पण तासाभरात वारा पुन्हा पडला. पुन्हा होड्या, पुन्हा नांगर.

मग हलने एक जड मनाने करायचे काम केले. जहाजावर पिण्याच्या पाण्याची पिंपे होती. त्यांतले सुमारे दोन हजार तीनशे गॅलन पाणी समुद्रात ओतून दिले. म्हणजे साडेआठ हजार लिटरांच्या वर. एवढे वजन उतरले आणि जहाज थोडे हलके झाले. दुष्काळात पाण्यासाठी मैल-मैल चाललेल्या माणसालाच कळेल, हे पाणी ओतताना काय वाटले असेल. पण जहाजच गेले असते, तर पाणी ठेवून उपयोग काय?

आणखी एक काम चालू होते, ते शिडे भिजवण्याचे. समुद्राचे पाणी बादल्यांनी उंच डोलकाठीवर चढवायचे आणि शिडांवर ओतायचे. तुम्ही म्हणाल, मघाशी तर ओले कापड जड होते असे सांगितले! ते खरेच आहे. अगदीच वारा नसेल तर भिजवून उपयोग नाही. पण थोडा वारा असला तर भिजवण्यात फायदा आहे. बैलगाडीचे चाक उन्हाळ्यात सुकते आणि खिळखिळे होते. आपण ते पाण्यात ठेवतो. लाकूड फुगते आणि सांधे घट्ट बसतात. शिडाचे तसेच. सूत भिजून फुगते, विणीची भोके बुजतात. मग भोकांतून निसटणारा वारा कापडातच अडतो. केवढासा वारा तो! पण तोही वाया जाऊ द्यायचा नव्हता.

दिवस गेला. रात्र झाली. कोणी बिछान्यावर गेले नाही. जो तो आपल्या तोफेपाशी, आपल्या दोरापाशी जमिनीवरच डुलकी घेई आणि हाक आली की उठे. रात्री अकराच्या सुमारास वारा आला. होड्या पुन्हा वर घेतल्या.

१९ जुलैची सकाळ उजाडली. आता मंद पण सलग वारा होता. पाठलाग करणारी जहाजे आणि पळणारे जहाज, सगळ्यांनी होती नव्हती ती शिडे चढवलेली. दुसरा प्रसंग असता, तर माणूस ते बघत बसला असता. पण येथे त्या शिडांवर साडेचारशे माणसांचे प्राण टांगलेले होते. 'कॉन्स्टिट्यूशन'वर शिडे सारखी भिजवत होते. वारा जरा फिरला की वासे फिरत होते. हळूहळू, अगदी हळूहळू अंतर वाढू लागले.

त्याच दिवशी एक अमेरिकन व्यापारी जहाज लांबून येताना दिसले. त्याला फसवायला इंग्रजांनी आपल्या जहाजावर अमेरिकन निशाण लावले. हे पाहून हलने काय करावे? त्याने आपल्या अमेरिकन जहाजावर इंग्रजांचे निशाण चढवले! व्यापारी जहाजाला वाटले, हे इंग्रज जहाज आहे. ते तोंड फिरवून निघून गेले आणि वाचले. स्वतःच्या गळ्याशी आलेले असताना हलला दुसऱ्याची आठवण राहिली.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आभाळ भरून आले. पावसाची सर आणि तिच्यासोबत सोसाट्याचा वारा चालून येत होता.

मघाशी मी काय सांगितले? पातळ शिडे वर असताना वादळी सपाटा आला तर घात होतो. मग हलने लगेच शिडे उतरवली का? नाही. त्याने माणसे दोरांपाशी उभी केली. प्रत्येकाला आपले काम सांगून ठेवले. आणि सगळी शिडे तशीच वर ठेवून तो वाट पाहत राहिला. सर जवळ आली, आणखी जवळ आली. अगदी अंगावर येण्याच्या क्षणी त्याने हुकूम दिला. सगळे दोर एकदम सुटले. पातळ शिडे खाली आली. वरची शिडे गुंडाळली. मोठी शिडेसुद्धा आखडली. पाहणाऱ्याला वाटावे, केवढे थोरले वादळ आले आहे!

मागून इंग्रज बघत होते. सर अजून त्यांच्यापर्यंत पोचायची होती. हलने एवढी घाई केली म्हणजे वादळ भयंकर असणार, असे त्यांना वाटले. त्यांनी आधीच आपली शिडे उतरवायला घेतली आणि वादळाला तोंड द्यायला जहाजांची दिशाही बदलली.

पण ते वादळ तसे मोठे नव्हतेच. सर मध्ये आली. पावसाचा पडदा पडला. इंग्रजांना 'कॉन्स्टिट्यूशन' दिसेनासे झाले. त्याच क्षणी हलने पुन्हा शिडे चढवली. आता वारा चांगला होता. जहाज ताशी अकरा सागरी मैलांनी, म्हणजे ताशी वीस किलोमीटरांच्या वेगाने धावू लागले. दोन दिवस इंचाइंचाने वाढवलेले अंतर आता मैलामैलाने वाढले. पाऊस सरला तेव्हा इंग्रज दूर मागे पडले होते.

दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, सकाळी आठ वाजून गेल्यावर इंग्रजांनी पाठलाग सोडला. 'कॉन्स्टिट्यूशन' सुखरूप बॉस्टनला पोचले.

याला एक महिना झाला आणि १९ ऑगस्टला याच जहाजाची गाठ 'गेरियर'शी पडली. पाठलाग करणाऱ्या पाचांपैकी हे एक. या वेळी मात्र ते एकटे होते. लढाई झाली आणि 'गेरियर' हरले. जुलैत ते पाणी ओतले नसते, ती शिडे भिजवली नसती, तर ऑगस्टची लढाई झालीच नसती. पण लोकांना लढाईच जास्त आठवते. तोफेचा आवाज मोठा असतो ना! बादलीने शीड भिजवण्याचा आवाज होत नाही.

मंडळी, पुढे आगबोटी आल्या. कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या बोटीला वाऱ्याची गरज उरली नाही. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. त्याने युरोप आणि हिंदुस्थान यांमधली वाट जवळची झाली. त्या वाटेने आगबोटीच सोयीच्या पडत. शिडाची मोठी जहाजे हळूहळू मागे पडली. त्यांच्याबरोबर जोडशिडेही गेली.

पण 'कॉन्स्टिट्यूशन' अजून आहे. ते बॉस्टनच्या बंदरात पाण्यावर तरंगते आहे. जगात अजून पाण्यावर असलेल्या लढाऊ जहाजांत ते सगळ्यांत जुने. २१ जुलै १९९७ रोजी ते पुन्हा स्वतःच्या शिडांवर चालले. त्याआधी एकशे सोळा वर्षे ते तसे चालले नव्हते.

याच जातीचे आणखी एक जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आहे. त्याचे नाव 'ट्रिंकोमाली'. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांपैकी अजून पाण्यावर असलेले हे सगळ्यांत जुने जहाज. आणि ते बांधले कोठे, ठाऊक आहे? आपल्या मुंबईच्या गोदीत! वाडिया घराण्यातले जमशेटजी बमनजी हे तेव्हाचे नामांकित पारशी कारागीर. त्यांच्या हाताखाली मलबारच्या सागवानातून हे जहाज घडले आणि १८१७ साली पाण्यात उतरले. लाकूड आपल्या देशाचे, हात आपल्या माणसांचे. दोनशे वर्षे उलटली, तरी सागवान अजून शाबूत आहे.

चौकोनी शिडांची विद्याही सगळी बुडाली नाही. आपल्या भारतीय नौदलाचे 'तरंगिणी' नावाचे जहाज गोव्यात बांधले आणि १९९७ साली नौदलात दाखल झाले. त्याच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे आहेत. नौदलात नव्याने येणाऱ्या पोरांना समुद्र आणि वारा ओळखता यावा, म्हणून हे जहाज बांधले.

आता शेवटचे बोलतो आणि तुमची रजा घेतो.

हल कशाने वाचला? नशिबाने म्हणाल, तर नशीब त्याच्या बाजूला नव्हतेच. वारा पडला तो दोघांचाही पडला. झुळूक आली ती दोघांनाही आली. सर आली तीही दोघांवर आली. फरक एवढाच, की झुळूक आली तेव्हा हलची शिडे आधीच फिरवलेली होती. सर आली तेव्हा त्याची माणसे आधीच दोरांपाशी उभी होती. आणि एक गोष्ट सांगायची राहिली. हे एकट्या हलचे काम नव्हते. साडेचारशे माणसांनी दोन दिवस, दोन रात्री दोर ओढले, वल्ही मारली, बादल्या चढवल्या. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणी सांगत नाही. कप्तानाने हुकूम सोडला, पण दोर त्यांच्या हातात होता.

खूप वारा असला म्हणजे कोणाचेही जहाज चालते. थोडा वारा असतो तेव्हा माणसाची परीक्षा होते. त्या वेळी पातळ कापड लागते, जागी नजर लागते, आणि चढवलेले शीड वेळेवर उतरवण्याचे शहाणपण लागते.

पुढच्या वेळी खळ्यात उभे राहाल आणि वारा पडेल, तेव्हा त्या समुद्रातल्या माणसांची आठवण करा. झाडाच्या शेंड्याकडे नजर ठेवा. आणि पाटी भरून ठेवा.

रामराम.